सॅक भरण्याची रीत : मुलुंड ते अलंग-मदन-कुलंग

पाठीवरच्या ओझ्याचा त्रास दोन गोष्टींवर ठरतो : ओझे किती किलोचे आहे आणि ते पाठीपासून किती अंतरावर आहे. १५ किलोच्या सॅकचा गुरुत्वमध्य पाठीपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर ती माणसाला एका विशिष्ट जोराने मागे ओढते. तोच मध्य २० सेंटिमीटरवर गेला की हा जोर दुप्पट होतो. तो तोलण्यासाठी माणूस कमरेतून पुढे वाकतो, मान वर उचलतो आणि सगळा भार खांद्यांवर घेतो. तासाभरात पाठ भरून येते, मानेला रग लागते. सामान तेच आणि वजनही तेच असते. भरण्याचा क्रम तेवढा चुकलेला असतो. म्हणून डोंगरात जाणाऱ्याने सॅक भरायला आधी शिकावे, आणि ते घरी, दिव्याच्या उजेडात, वेळ हाताशी असताना शिकावे.

मुंबईच्या उपनगरांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातोहात पुढे गेली आहे. गिरीविहार ही मुंबईतली गिर्यारोहण संस्था १९५४ सालची. मुलुंडच्या चक्रम हायकर्सची ‘सह्यांकन’ ही अनेक दिवसांची डोंगरयात्रा सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ओळखीची आहे. या दोन नावांशिवाय अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत कॉलेजांचे, सोसायट्यांचे, कार्यालयातल्या मित्रांचे असंख्य गट आहेत. पाऊस सरला की शुक्रवारी रात्री त्यांच्या सॅका लोकलच्या फलाटावर दिसू लागतात. येथे उदाहरणासाठी नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातली अलंग-मदन-कुलंग ही तीन गडांची वाट घेतली आहे. या वाटेवर दोन मुक्काम असतात आणि उभा कातळ चढावा लागतो. दोर, अन्न, अंथरूण आणि पाणी असे सगळे पाठीवरून न्यावे लागत असल्याने सॅक भरण्याची खरी परीक्षा इथे होते.

रानातून बाहेर आणायचे ओझे

जड ओझे पाठीवर वाहण्याचे शास्त्र जगात अनेक ठिकाणी निरनिराळ्या गरजांतून घडले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करतात. मोटाररस्ता मैलोगणती दूर असतो आणि मांस पाठीवरूनच आणावे लागते. तिथले शिकारी मांस हाडांपासून सोडवून घेतात, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरतात, गार होऊ देतात आणि मगच सॅकमध्ये चढवतात. सॅकच्या तळाशी झोपण्याची पिशवी किंवा कपडे घालून उंची साधतात, त्यावर मांसाच्या पिशव्या सांगाड्याला लागून खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर बसवतात आणि पट्ट्यांनी आवळतात. मऊ, जड ओझे चालताना खाली घसरते, म्हणून या आवळण्याला फार महत्त्व असते.

महाराष्ट्रात असे ओझे कोणी वाहू नये, आणि कायद्याने वाहताही येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सांबर, चितळ, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्यांचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. हे प्राणी उपनगरवासीयांच्या शेजारी राहतात. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या एका अंगाला बोरिवली आणि दुसऱ्या अंगाला मुलुंड आहे, आणि मधल्या रानात चितळ-सांबरांबरोबर त्यांच्यावर जगणारा बिबट्याही आहे. हरीण रानातच राहावे. तिथून माणसाने पाठीवर घेऊन यावे ते आपण नेलेले सामान, त्यातून झालेला कचरा आणि वाटेत सापडलेला इतरांचाही कचरा. ओझे वाहण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे : जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर, हलणार नाही अशी ठेवायची.

वजनाचा हिशेब

भरण्याआधी सामान मोजावे. घरातला तराजू किंवा वाण्याकडचा काटा त्यासाठी पुरतो. पन्नास-साठ लिटरची रिकामी सॅक दीड ते दोन किलोची असते. स्लीपिंग बॅग एक ते दीड किलो, कॅरिमॅट तीन-चारशे ग्रॅम, कपड्यांचा एक जादा जोड आणि गरम कपडा मिळून एक किलो. ताट, मग, टॉर्च, चाकू, औषधे यांचा आणखी एक किलो धरावा. हार्नेस आणि हेल्मेट मिळून किलोच्या आसपास जातात. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, त्यात सूट नाही. एवढ्यात नऊ-दहा किलो झाले आणि शिधा व सामुदायिक सामान अजून बाहेरच आहे.

कोरडा शिधा माणशी दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम लागतो. साडेदहा मिलिमीटर जाडीचा चढाईचा दोर मीटरला पासष्ट-सत्तर ग्रॅम भरतो, म्हणजे साठ मीटरचा दोर चार किलोंचा झाला. कॅराबिनर या कड्या, स्लिंग हे पट्टे, दोरावरून उतरण्याचा डिसेंडर आणि इतर लोखंडी-ॲल्युमिनियमच्या साहित्याचे दोन-तीन किलो होतात. मग पातेली, तवा, झारा. हे सगळे वाटून घेतले की प्रत्येकाच्या पाठीवर तेरा ते पंधरा किलो येतात. साठ किलोच्या माणसासाठी हा त्याच्या वजनाचा पाव हिस्सा झाला, आणि हौशी भटक्याने याच्या वर जाऊ नये.

याहून जड ओझी माणसे वाहतात, पण त्यांची चाल वेगळी असते. नेपाळच्या हमालांवरचा एक अभ्यास २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नामचे बाजारकडे निघालेल्या पुरुष हमालांचे ओझे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या सरासरी ९३ टक्के भरले होते. ते ओझे टोपलीत असते, टोपलीखालून घेतलेला पट्टा कपाळावर येतो, चाल संथ असते आणि विसावा वारंवार घेतला जातो. सरावाने कमावलेली ही ताकद आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याला उसनी मिळत नाही. त्यांची संथ चाल आणि वारंवार विसावा घेण्याची सवय मात्र त्याने जरूर घ्यावी.

वाटणी करताना समान वजन आणि न्याय्य वजन यांत फरक करावा. दणकट माणसाला दोर द्यावा, हडकुळ्याला तांदूळ. तांदूळ पहिल्या रात्रीनंतर अर्ध्यावर येतो, दोर शेवटपर्यंत तेवढाच राहतो. एकच महत्त्वाची वस्तू एकाच माणसाकडे ठेवू नये. टॉर्च, काडेपेटी, प्रथमोपचार आणि थोडे खाणे प्रत्येकाच्या सॅकमध्ये असावे, कारण वाट चुकणारा माणूस हटकून भांड्यांची सॅक घेऊन चुकतो आणि दिवे दुसरीकडे राहतात.

अन्न : पाणी घरी सोडून निघावे

ताज्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. एक किलो चिकन पाठीवर घेतले तर त्यातले पाऊण किलो पाणीच वाहिले जाते, आणि उन्हात ते खराब होण्याची धास्ती वेगळी. या प्रश्नाचे उत्तर उपनगरांच्या किनाऱ्यावर फार जुने आहे. अंधेरीजवळचे वेसावे, पलीकडचे मढ, बोरिवलीच्या खाडीपल्याडचे गोराई आणि मनोरी या कोळीवाड्यांत पावसाळा सोडून मासळी सुकते. बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीने अडकवतात, जवळा जमिनीवर पसरतात, सोललेली कोळंबी सुकवून सोडे करतात. ऊन आणि वारा पाणी काढून नेतात, मागे राहते ती प्रथिने आणि चव. मूठभर जवळा, दोन कांदे, तिखट आणि दोन-चार आमसुले एवढ्यावर गुहेतल्या चुलीपाशी चार माणसांचा भात उतरतो.

सुकी मासळी सॅकमध्ये ठेवण्याची शिस्त कडक हवी. घट्ट झाकणाचा डबा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि कपडे व स्लीपिंग बॅगपासून दूर जागा. वास बाहेर आला तर गडावरची माकडे सॅक उघडतात आणि रात्री उंदीर कुरतडतात. शाकाहारी शिध्यातही हेच धोरण ठेवावे : मूगडाळ-तांदळाची खिचडी, भाजलेला रवा, मेतकूट, शेंगदाण्याचा कूट, गूळ, खजूर. बटाटे आणि टोमॅटो रुचतात, पण ते म्हणजे पाणीच. नेलेच तर पहिल्या जेवणात संपवावेत.

इंधनाचा विचार घरीच करावा लागतो. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार ज्वालाग्राही पदार्थ गाडीतून नेणे हा गुन्हा असून त्यासाठी कारावासाचीही तरतूद आहे. रॉकेलची बाटली किंवा गॅसचे डबे लोकलमध्ये न्यायचे नाहीत. त्यामुळे पायथ्याच्या गावात सोय करावी लागते. जेवण गावातल्या घरी सांगितले तर पाठीवरचे ओझे उतरते आणि त्या घरात चार पैसे जातात.

भरण्याचा क्रम

सॅकचे आतून चार भाग मानावेत : तळ, पाठीकडचा मध्य, बाहेरचा मध्य आणि माथा.

सगळ्यात आधी आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी उघडून बसवावी. सॅकवर घालायचे पावसाळी आवरण वाऱ्याने निघते आणि काट्याला फाटते. आतली पिशवी भरवशाची असते. तळाशी स्लीपिंग बॅग घालावी. ती हलकी आणि फुगीर असते, मुक्कामापर्यंत लागत नाही आणि वरच्या जड सामानाला उंची देते. तिच्या कडेच्या पोकळ्यांत जादा कपडे कोंबावेत. रिकामी पोकळी राहिली की चालताना वरचे सामान तिच्यात ढासळते आणि सॅक एका बाजूला कलते.

त्यावर पाठीला लागून जड सामान यावे : दोर, शिध्याचे डबे, पाण्याच्या जादा बाटल्या, लोखंडी साहित्य. टोकदार वस्तू पाठीला टोचू नये म्हणून कॅराबिनर एका कापडी पिशवीत घालून दोराच्या वेढ्यात बसवावेत. दोर सॅकच्या वर बांधण्याची पद्धत छायाचित्रात छान दिसते, पण चार किलो डोक्याच्या मागे डुलतात आणि वळताना माणसाला वळणाबाहेर ढकलतात. दोर आतच बरा. जड सामानाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाठीपासून दूर, हलक्या वस्तू : गरम कपडा, ताट, रिकामी पातेली. पातेल्यात कांदे-लसूण ठेवले की त्यांची पोकळीही कामी येते. माथ्यावर वाटेत लागणारे सामान : प्रथमोपचार, विंडचीटर, दुपारचे खाणे. झाकणाच्या खिशात टॉर्च, शिटी, काडेपेटी. दोन्ही बाजूंचे वजन सारखे करावे. एका बाजूला पाण्याची बाटली असेल तर दुसऱ्या बाजूलाही तेवढेच काही असावे.

जड सामान किती उंचीवर ठेवायचे हे वाटेवर ठरते. मळलेल्या, सपाट वाटेवर ते खांद्याच्या पात्यांच्या पातळीला असले की सरळ ताठ चालता येते. कातळ, घसारा आणि अरुंद आडव्या वाटा असतील तर ते थोडे खाली, पाठीच्या मध्यावर आणावे. तोल सावरणे तिथे अधिक मोलाचे असते. बाहेर काहीही लटकवू नये. खडखडणारा मग, आडवी बांधलेली कॅरिमॅट आणि दोरीने अडकवलेले बूट झुडपांत अडकतात, आणि मदनच्या आडव्या वाटेवर तर ते थेट जिवावर बेततात. तिथे एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला दरी असते. खांद्याबाहेर आलेली कॅरिमॅट कातळावर आपटली की माणूस दरीकडे लोटला जातो. म्हणून सॅकची रुंदी खांद्यांच्या आतच राहावी. कॅरिमॅट आत नळीसारखी उभी उलगडून तिच्या पोटात सामान भरले तर सॅकला आकार येतो आणि बाहेर काही उरत नाही.

पट्टे बांधण्याचाही क्रम आहे. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्यावी. कमरपट्टा नाभीच्या थोडा खाली, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवून घट्ट करावा. भाराचा मोठा वाटा या हाडावरून पायांत उतरतो. मग खांद्याचे पट्टे ओढावेत, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, आणि शेवटी श्वास अडणार नाही इतपत छातीचा पट्टा. कमरपट्टा सैल ठेवून तासन्‌तास खांद्यांवर वजन घेतल्यास काखेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो. हाताला मुंग्या येतात आणि क्वचित हात कमजोर पडतो. गिर्यारोहणाच्या वैद्यकात ‘रकसॅक पाल्सी’ या नावाने ही तक्रार परिचित आहे.

भरलेल्या सॅकची सवय घराजवळच करता येते. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे दोनशे फूट उंचीचा काळ्या बेसॉल्टचा उभा सुळका आहे. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या सॅकमध्ये घालून तिथल्या पायऱ्या चढाव्यात. गुडघे कुरकुरले तर माथ्यावर पाणी झाडांना घालून हलके उतरता येते. बोरिवलीच्या उद्यानात प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ताही या सरावाला चांगला आहे. परवानगी नसलेल्या वाटांनी मात्र रानात शिरू नये.

लोकलमधला टप्पा

डोंगर कसाऱ्याला सुरू होतो, पण ओझ्याची पहिली कसोटी लोकलच्या दारात लागते. बोरिवली आणि अंधेरी पश्चिम रेल्वेवर, कसारा मध्य रेल्वेवर. पूर्वी पश्चिमेकडचे बहुधा दादरला उतरून पूल ओलांडत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि अंधेरीचा गट थेट घाटकोपरला येऊन मध्य रेल्वेची गाडी धरू लागला. मुलुंडकर ठाण्याला जाऊन जलद गाडी पकडतात किंवा ठरलेल्या गाडीची वाट पाहतात.

गर्दीत पाठीवर सॅक घेऊन चढू नये. फलाटावरच ती उतरवावी, सगळे लोंबते पट्टे आत खोचावेत, कमरपट्टा मागे वळवून अडकवावा आणि सॅक पोटाशी धरून आत शिरावे. लोंबता पट्टा दाराच्या दांड्यात अडकला तर चालत्या गाडीत माणूस खेचला जातो. आत गेल्यावर सॅक वरच्या फळीवर आडवी ठेवावी किंवा पायांशी उभी करावी. कामावरून थकून घरी निघालेल्या प्रवाशाच्या तोंडावर आपली कॅरिमॅट येऊ देऊ नये. रात्रीच्या गाडीत त्याचा हक्क आधी आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात कल्याणनंतर डबा रिकामा होऊ लागतो, आणि मग गटातले जुने लोक नवख्यांच्या सॅका खाली उतरवून हाताने चाचपतात. बाहेरून दाबले की कुठे पोकळी आहे, कुठे डबा पाठीकडे टोकाने आला आहे, हे हाताला कळते. आसनगावपर्यंत दोन-तीन सॅका बाकावर रिकाम्या होऊन पुन्हा भरल्या जातात. नवख्याचे खरे शिक्षण इथे होते.

कसाऱ्याहून जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून पायथ्याचे गाव आंबेवाडी. जीपच्या टपावर सॅका बांधताना आत पाण्याची उघडी बाटली नाही ना, हे पाहावे.

चढ, आडवी वाट आणि कातळ

आंबेवाडीतून पहाटे निघताना समोर तिन्ही गड एका ओळीत दिसतात. हे गड कळसूबाईच्याच रांगेतले. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. जड सॅक उचलताना ती सरळ झटक्याने पाठीवर फेकू नये, कंबर धरते. सॅकचा वरचा आकडा धरून ती आधी वाकवलेल्या मांडीवर घ्यावी, एक हात पट्ट्यात घालावा, अंग वळवून ती पाठीवर सरकवावी आणि मग दुसरा हात घालावा. जोडीदार जवळ असेल तर त्याने खालून आधार द्यावा.

पहिल्या अर्ध्या तासानंतर सर्वांनी थांबून पट्टे पुन्हा ओढावेत, कारण तोवर सामान बसलेले असते. चढावर पावले छोटी टाकावीत. बोलता येईल इतपतच दम लागावा. दर पाऊण तासाने विसावा घ्यावा. दर वेळी सॅक उतरवून पुन्हा चढवण्यात शक्ती जाते, म्हणून कमरेएवढ्या दगडावर ती टेकवून उभ्याने दम खावा.

अलंग आणि मदन या गडांच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा मार्ग इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उद्ध्वस्त केला. मराठ्यांचे किल्ले पुन्हा लढते होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. त्या तुटलेल्या टप्प्यांवर आज दोर लावून चढावे लागते. पहिला चढाईपटू सॅकशिवाय जातो, वर पक्का आधार घेऊन दोर बांधतो, मग बाकीचे सुरक्षा दोरावर एकेक वर येतात आणि सॅका ओढून घेतल्या जातात.

सॅक ओढण्याची तयारी खालच्या माणसाच्या हातात असते. बाहेरच्या खिशांतल्या बाटल्या आत घालायच्या, झाकण पूर्ण आवळायचे, कमरपट्टा आणि छातीचा पट्टा एकमेकांत अडकवायचे. नुसत्या वरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. झटक्याने त्याची शिलाई उसवते. दोन्ही खांदेपट्ट्यांच्या मुळांतून आणि आकड्यातून एक स्लिंग ओवून त्यात कॅराबिनर घालायचा आणि दोराच्या फिगर-ऑफ-एट गाठीत तो अडकवून बंद करायचा. सॅकच्या तळाला दुसरा बारीक दोर बांधून त्याचे टोक खालच्या माणसाने बाजूला उभे राहून धरायचे. सॅक कातळाच्या कपारीखाली अडकली की तो दोर बाहेर ओढायचा, सॅक सुटते आणि वरचे ओढतात. या वेळात कोणीही खाली उभे राहायचे नाही. सॅक घासली की खडे सुटतात, आणि बोराएवढा खडाही उंचावरून डोके फोडतो. हेल्मेट गडावर पोहोचेपर्यंत काढायचे नाही.

परतताना दोरावरून उतरण्याची पाळी येते तेव्हा पाठीवरची जड सॅक माणसाला मागे उलटवू पाहते. त्यावर साधा उपाय आहे : सॅक पाठीवर न घेता स्लिंगने हार्नेसला अडकवून पायांखाली सोडावी. तिचे वजन मग दोरावर येते, अंग सरळ राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

अलंगवर गुहा आहेत आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कुलंगवरची टाक्यांची रांग मोठी आहे. पाणी गाळून, उकळून प्यावे. टाक्यात उतरू नये, साबण लावू नये, भांडी बाहेर पाणी घेऊन घासावीत. मुक्कामाला पाण्याची खात्री असेल तर दिवसभराच्या चालीपुरतेच पाणी पाठीवर घ्यावे. खात्री नसेल तर जादा लिटर वाहावा आणि कुरकुर करू नये.

उतार आणि परतीचे ओझे

तिसऱ्या दिवशी कुलंगवरून उतरताना शिधा संपलेला असतो. सॅक तीन-चार किलोंनी हलकी होते, पण पाय थकलेले असतात, आणि घसरून पडण्याचे प्रसंग उतारावरच अधिक येतात. म्हणून उतरण्याआधी सॅक पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी. आता आत जागा मोकळी असते आणि ढिले सामान हलते. जड वस्तू थोड्या खाली घ्याव्यात, सॅकचे बाजूचे पट्टे आवळून तिचा घेर लहान करावा, कमरपट्टा घट्ट करावा. पाऊल टाकताना गुडघा किंचित वाकलेला ठेवावा.

मोकळ्या झालेल्या जागेत कचरा येतो. शिध्याच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टने, चहाच्या पुड्या हे तर परत आणायचेच. संत्र्याच्या साली आणि अंड्याची टरफलेही आणावीत. गडाच्या माथ्यावर ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात आणि माकडांना सवय लावतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या पिळून चपट्या करून झाकण लावावे, म्हणजे पंधरा-वीस बाटल्या एका पिशवीत मावतात. काचेची बाटली सापडली तर ती कॅरिमॅटमध्ये गुंडाळून सॅकच्या मध्यावर ठेवावी, पाठीकडे नव्हे. वजनाने हे ओझे किरकोळ असते, दोन-तीन किलो फार तर. नेलेले सगळे खाली आणणे हा सॅक भरण्याच्या रीतीचाच भाग आहे, आणि जो गट हे करत नाही त्याला डोंगर चढता येत असला तरी डोंगरात कसे राहावे हे आलेले नाही.

कधी परतीचे ओझे माणसाचे असते. पाय मुरगळलेल्या सोबत्याची सॅक आधी काढून घ्यावी आणि तिचे सामान सर्वांत वाटावे. बहुतेक वेळा तेवढ्याने तो काठीच्या आधाराने उतरू शकतो. मानेला, पाठीला किंवा डोक्याला मार असल्याचा संशय आला तर त्याला उचलू नये, ऊब द्यावी आणि मदत बोलवावी. महाराष्ट्रात अशा वेळी स्थानिक गिर्यारोहकांची बचाव पथके धावून येतात, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर त्यांच्यात समन्वय साधते. स्ट्रेचर उचलायला सहा माणसे लागतात आणि ती दर थोड्या अंतराने बदलावी लागतात. म्हणून जड सॅका वाटेवर सोडून देण्याचीही तयारी ठेवावी. त्या नंतर आणता येतात.

घरी आल्यावर

सॅक त्याच रात्री रिकामी करावी. ओल्या कपड्यांसकट कोपऱ्यात ठेवलेली सॅक मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरसते. कचरा ओला आणि सुका असा वेगळा करून महानगरपालिकेच्या गाडीत द्यावा. दोर मातीने भरला असेल तर साध्या पाण्यात बुडवून धुवावा, उन्हात न टाकता सावलीत वाळवावा, आणि हाताखालून सबंध सरकवत कुठे कवच फाटले आहे का, आतला गाभा मऊ पडला आहे का ते पाहावे. शंका आली तर तो दोर चढाईतून काढून टाकावा. स्लीपिंग बॅग दाबून ठेवू नये, सैल पिशवीत लटकवावी. सॅकच्या चेनमधली धूळ जुन्या टूथब्रशने काढावी, खांदेपट्ट्यांची शिलाई ओढून तपासावी, उसवलेली असेल तर लगेच जाड दोऱ्याने शिवून घ्यावी.

शेवटी सामानाचे तीन ढीग करावेत : रोज लागलेले, एकदा लागलेले आणि न लागलेले. तिसऱ्या ढिगातली औषधे, टॉर्च, शिटी आणि जादा गरम कपडा पुढच्या वेळीही न्यायचाच, कारण त्यांची गरज पडली नाही हे त्या खेपेचे नशीब असते. त्या ढिगातले बाकी सगळे घरी ठेवावे.